एका नंबरचे दोन कपडे

न्यायाधीशांनी लाँड्रीचं पार्सल थेट कोर्टात उघडलं आणि काळ्या कोटाऐवजी विदूषकाची ठिगळांची विजार बाहेर काढली. विदूषक बिचारा काळा कोट घालूनच एका वाढदिवसाला गेला. मुलं त्या दिवशी फारच शिस्तीत वागली.

लाँड्री काकांची, कपड्यांना नंबर देणारा प्रोग्राम पुतणीचा. दोन्ही गिऱ्हाइकांची माफी मागून आलेले काका म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघतो. परत घोळ झाला, तर तुझा कॉम्प्युटर भंगारात आणि माझ्या चिठ्ठ्या-टाचण्या कामावर."

"होणारच नाही," पुतणी म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली.

घोळ सापडला. नव्या कपड्याला नंबर देताना प्रोग्राम डेटाबेसला शेवटचा नंबर विचारायचा आणि त्यात एक मिळवायचा. काका आणि काकू, दोघांच्या काउंटरांनी नेमकं एकाच क्षणी विचारलं होतं. उत्तरही एकच मिळालं. काकांनी कोट नोंदवला. पाठोपाठ काकूने त्याच नंबरावर विजार नोंदवली. प्रोग्रामला वाटलं, कपडा जुनाच आहे, जरा बदललाय इतकंच. त्याने कोट खोडून विजार लिहिली.

"आता प्रत्येक काउंटर नंबरांचा आपापला गठ्ठा आधीच उचलून ठेवणार," पुतणीने जाहीर केलं. "एकाचा नंबर दुसऱ्याला जाणारच नाही."

दुपारी वीज गेली. काकूचा कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने नवाच गठ्ठा उचलला.

"अगं, आधीचे उरलेले नंबर कुठे गेले?" काका दचकले.

"वाया गेले."

"वाया? कोरे करकरीत नंबर?"

"काका, नंबर फुकट असतात."

"फुकटचे म्हणून उकिरड्यावर टाकायचे? परत घे ते!"

"नाही. सुटला तो सुटला. मागे वळून बघायचं नाही."

काकांचा जीव तुटला. काकूकडे गिऱ्हाईक कमी. दुकानाबरोबर कॉम्प्युटर बंद झाला की हाही गठ्ठा वाया जाणार. नंबर कामी यावेत म्हणून त्यांनी गुपचूप तिच्या काउंटरवर स्वतःचा शर्ट धुवायला टाकला. मग बनियन. मग मोजे, प्रत्येकाची वेगळी पावती. संध्याकाळी ते कुणाच्या तरी पडद्यात गुंडाळलेले उभे होते.

तेवढ्यात न्यायाधीश आणि विदूषक एकमेकांचे कपडे परत द्यायला आले. दोघांनाही आपापला कपडा आधी धुऊन हवा होता.

पुतणी उठली. "काका, काकू, मी 'दाबा' म्हटलं की दोघांनी एकदमच बटण दाबायचं."

"मुद्दाम?" काका घाबरले.

"मुद्दामच. दाबा!"

दोन पावत्या बाहेर आल्या. न्यायाधीशांनी चष्मा लावून दोन्ही तपासल्या. "नंबर वेगळे आहेत," त्यांनी निकाल दिला.

काकांनी पडदा सावरला. "बरं, तुझा कॉम्प्युटर दुकानातच राहील. आता माझी विजार दे बाई."

"पावती?" काकूने विचारलं.

"विजारीच्याच खिशात राहिली."

समोर मशीनच्या काचेआड विजार गरगर फिरत होती. "ती बघ की, दिसतेय!"

"दिसतेय हो, काका," पुतणी जागची हलली नाही. "पण नंबर?"