आप्पा कशानं गेले

"घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गेलंय?" डॉक्टर सौदामिनींनी विचारलं.

"न्हाई," वैजनाथ म्हणाला. "वडील भूकंपात गेले. किल्लारीजवळच आमचं गाव."

शेजारी त्याच्या आई, लक्ष्मीबाई, बसल्या होत्या. डॉक्टरांनी कागदावर 'नाही'पुढे खूण केली. प्रेशर एकशे अट्ठेचाळीस, वय अडतीस, साखर ठीक, तंबाखू नाही.

"ह्यो जिना चढताना खांदा चोळत थांबतोय, म्हॅडम," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"दिवसभर फळ्यावर लिहून खांदा भरणारच की," वैजनाथ हसला. लातुरात त्याचे फिजिक्सचे क्लास तिसऱ्या मजल्यावर होते. डॉक्टरांनी ईसीजी सुचवला तर म्हणाला, पुढच्या वेळी.

"मग तूर्त मीठ कमी करा, चाला. तीन महिन्यांनी बघू."

तीन महिने. बसलिंगप्पांना, त्याच्या बापाला, तीन तासही मिळाले नव्हते. गणपती विसर्जनाहून ते असाच डावा खांदा चोळत आले, 'पित्त झालंय' म्हणाले आणि दहाच्या सुमारास गेले. हार्ट बंद पडलं, असं गावच्या डॉक्टरांनी सांगितलं. सहा वर्षांचा वैजनाथ त्याच खोलीत गाढ झोपला होता. सकाळी सांगू म्हणून कुणी उठवलं नाही. लिंगायतांत मयताला आडवं ठेवत नाहीत. कपाळाला विभूती लावून त्यांना भिंतीशी बसवलं, भाऊबंद भजनाला बसले. पहाटे लक्ष्मीबाई तोंडावर पाणी मारायला परसात गेल्या, आणि मागं घर उरलं नाही.

ढिगारा उपसला तेव्हा पोरगं जिवंत निघालं. त्याच्या अंगावर बाप, बापाच्या पाठीवर तुळई. भजनाला बसलेला एकही माणूस वाचला नव्हता. "आप्पांनी मला झाकलं?" पोरानं विचारलं, आणि लक्ष्मीबाई "हाव" म्हणून मोकळ्या झाल्या.

त्या एका शब्दावर पोरगं शिकलं, वाढलं. आजही नव्या बॅचला पहिल्या तासाला तो सांगतो, बापानं छत पाठीवर घेतलं म्हणून मी उभा आहे. पोरं टाळ्या वाजवतात. बत्तीस वर्षं लक्ष्मीबाईंनी ही मूठ झाकून ठेवली होती. आता उघडावी तर बाप दुसऱ्यांदा मरणार, न उघडावी तर पोरगा.

"ऊठ माय. चारची बॅच हाय."

लक्ष्मीबाई उठल्या नाहीत. "म्हॅडम, ती खूण खोडा. ह्याचे आप्पा हार्टनं गेले, भूकंपाच्या आदल्या रात्री. भिंतीशी बसवलेलं मढं ह्याच्यावर कलंडलं, बस. जाणणारे समदे ढिगाऱ्यात गेले. मी लेकराशी खोटं बोलले."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "वय काय होतं त्यांचं?"

"एकोणचाळीस."

त्यांनी खूण खोडली. "आजच गोळी सुरू करू. आणि ईसीजी आत्ता, इथंच."

वैजनाथ आईकडे बघत नव्हता. "म्हणजे त्यांनी मला वाचवलंच न्हाई," तो म्हणाला.

"तवा न्हाई, बाळा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आता तरी वाचवू दे की त्यास्नी."

नर्सनं पलंगावर निजायला सांगितलं. वैजनाथ बसल्या जागचा हलला नाही. मग लक्ष्मीबाईच पुढं सरकल्या आणि त्याच्या शर्टाची वरची गुंडी सोडू लागल्या.