फवारलेली वांगी

बोरी अरबला बसमधून उतरून उज्ज्वला तांड्यापर्यंत झपाझप चालत आली. आईला बरं नव्हतं म्हणून ती नेरला माहेरी गेली होती. पण आज थोरल्या दिराच्या मुलीचं, राखीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तेव्हा येणं भागच होतं. दोन भावांच्या शेजारी-शेजारी घरांसमोर मांडव लागला होता. ती मांडवात थांबली नाही. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून आपल्या घरामागच्या आवारात गेली. आधी झाडांना पाहायचं, मग माणसांना, ही तिची सवयच होती.

आवाराच्या तोंडाशीच तो वास आला आणि तिचे पाय थबकले.

तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांवर चढवलेल्या वालाची पानं कडेनं करपून गुंडाळली होती. पालक मातीला चिकटून बसला होता. वांग्याच्या झाडांवर तपकिरी डाग पडले होते, कुणी निखारे शिंपडावेत तसे. आणि झाडांवर वांगं एकही नव्हतं.

तो वास ती विसरूच शकत नव्हती. तिचा नवरा बादल एकदा थोरल्या भावाच्या, इंद्रजीतच्या कपाशीवर फवारणी करता करता धुऱ्यावर, शेताच्या बांधावर कोसळला होता, तेव्हा त्याच्या अंगाला असाच वास येत होता. यवतमाळच्या दवाखान्यात त्याला स्वतःच्या हाताची बोटं दिसत नव्हती. जीव वाचला, नजर हळूहळू आली, पण उजव्या हाताचा कंप गेला नाही. अजूनही त्याला चहा अर्धा कपच द्यावा लागे.

दुसऱ्यांच्या वावरात काय मारतात ते आपल्या हातात नाही, पण आपल्या ताटात तरी विष येऊ द्यायचं नाही, असं तिनं तेव्हाच ठरवलं. कुंड्या, खत विकत आणण्याची ऐपत नव्हती, म्हणून घरीच भाजी लावायला मिळेल ते घेतलं. फुटक्या बादल्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, मधोमध कापलेली एक गळकी टाकी. नाल्याकाठची माती, कुजलेलं शेण, चुलीची राख. भांडी विसळलेलं पाणी झाडांना जाई. मावा पडला की निंबाच्या पाल्याचा काढा आणि आंबट ताक. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होईतो राखायचं आणि त्याचं बी पुढच्या साली लावायचं. सुरुवातीला तांड्यातल्या बायका या भंगारातल्या बागेला हसल्या. मग त्याच बायका सांबार म्हणजे कोथिंबीर मागायला वाटी घेऊन येऊ लागल्या.

बादल मागच्या दाराशी खाटेवर बसला होता. तिला पाहून उठला.

"हे कोनं केलं?"

"दादानं," तो म्हणाला. "पाहुन्यायच्या गाड्या मागं लावाच्या होत्या. गवत लय वाढलं म्हने. काल तननाशक मारलं."

"अन् तुमी?"

"म्या म्हटलं, तिले येऊ दे. तर म्हने, बायकोले काय इचारतं."

"म्हनून तुमी गप बसले."

ती पुन्हा वांग्याच्या झाडांकडे वळली.

"वांगे कुठी गेले?"

"वहिनीनं तोडले. आज सकाळी. जेवनाले."

ती धावतच निघाली. मांडवामागे चुली पेटल्या होत्या. थोरली जाऊ बबिता सराट्यानं भाजी हलवत होती आणि मोठ्या गंजात वांगी रटरटत होती. मसाल्याचा वास असा सुटला होता की कुणालाही भूक लागावी.

"बाई, हे वांगे फवारल्यावर तोडले ना?"

"धुतले न वं," बबिता तिच्याकडे न बघता म्हणाली. "मिठाच्या पान्यानं धुतले."

"म्हंजे तुमाले माईत होतं."

"मले कोन इचारते? त्यायनं सांगतलं, घरचे वांगे हायेत तर इकत कायले आनाचे."

उज्ज्वलानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली. धुराचा लोट उठला तसा इंद्रजीत तिथं आला. अंगात नवा पांढरा शर्ट होता.

"काय चाललं हे?"

लग्न होऊन आल्यापासून उज्ज्वला भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. तो आला की पदर पुढे ओढून बाजूला व्हायचं, एवढंच. आज पदर कुठं होता ते तिला ठाऊक नव्हतं.

"हे भाजी कोनाच्या पानात पडनार नाई, भाऊजी."

"तननाशक हाय ते. तनाले मारते. मानसाले काय करते?"

"फवाऱ्यानं मानसाले काय होते, ते तुमच्या भावाचा हात पाहा."

"हळू बोल! पाहुने बसले हायेत."

"काहून हळू बोलू? काल पंप मारताना तुमाले लाज वाटली नाई, मले कायची वाटन?"

आवाज मांडवात गेला असावा. नवऱ्या मुलाची आई, पुसदकडून आलेली रुक्माबाई, मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिच्यामागे साडी नेसून तयार झालेली राखी होती.

"काय झालं जी?" रुक्माबाईनं विचारलं.

"काई नाई, बायकायचं भांडन," इंद्रजीत हसला.

त्या हसण्यानं उज्ज्वलाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं ताटली ओढली, त्यात भाजी वाढली, भाकरीचा तुकडा ठेवला आणि त्याच्यापुढे धरली.

"काल या झाडायवर फवारा उडाला, आज त्याईचेच वांगे हायेत हे. तुमाले वाटते ना, काई होत नाई? मंग पयला घास तुमी घ्या. म्या सगळ्यायसमोर तुमच्या पाया पडते."

इंद्रजीतनं ताटली हिसकावून घेतली. भाकरी मोडली, भाजीत बुडवली, घास तोंडापर्यंत नेला. राखी त्याच्याकडे बघत होती. हात तिथंच थांबला. मग तो ताटली खाली ठेवत म्हणाला, "मले आता भूक नाई."

उज्ज्वलानं फडकं घेऊन गंजाचा एक कान धरला. दुसऱ्या बाजूला हात घालायला बबिता पुढे आली, नवऱ्याकडे न बघता. दोघींनी गंज मागं नेला. उज्ज्वलानं कुदळीनं खड्डा केला, भाजी त्यात ओतली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर माती ओढून पायानं दाबली.

परत आल्या तेव्हा रुक्माबाई इंद्रजीतला विचारत होती, "वरन-भात चालते आमाले. पन इवाई, तुमी हे आमच्या लेकरायले खाऊ घालनार होते?"

सोयरीक मोडली नाही. साक्षगंध झालं, पण पाहुणे विड्याचं पान न खाताच उठले. गाड्या धुरळा उडवत गेल्यावर इंद्रजीत अंगणात उभा राहून तांड्याला ऐकू जाईल असं ओरडला की लहान भावाच्या बायकोनं त्याची इज्जत मातीत घातली. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन घरांच्या मधे टिनाचे पत्रे ठोकले.

उज्ज्वला मेलेली झाडं उपटत होती. बादल मदतीला आला.

"हात नोका लावू."

"मारलं दादानं अन् राग माह्यावर?"

"ते असेच हायेत, मले माईत हाय. तुमी तर मरता मरता वाचले. तुमच्या डोयासमोर तो पंप आवारात आला अन् तुमी खाटेवर बसून राह्यले!"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, चहा द्यायची, शब्द नाही. बादल चिडला, मग विनवण्या केल्या, मग गप्प झाला. एका संध्याकाळी ताट तसंच सोडून तो उठला आणि भावाच्या दारात जाऊन उभा राहिला. उज्ज्वला पत्र्याच्या अलीकडे होती.

"दादा," तो म्हणाला, "म्या तुह्या वावरात पडलो तवा तू लोकायले सांगत फिरला, यानं तोंडाले रुमाल बांधला नव्हता. म्या रुमाल मांगतला होता. तू म्हटलं, तेवढ्यासाठी घरी कोन जाते, मार लवकर. म्या आजपर्यंत कोनाले सांगतलं नाई."

घरातला टीव्हीचा आवाज वाढला.

उज्ज्वलालाही हे आजच कळत होतं. इतकी वर्षं तीही म्हणत आली होती, रुमाल बांधला असता तर. तिनं पत्र्यावर मूठ आपटली.

"त्याईले आयकू गेलं नाई! पुन्हा म्हना!"

बादल पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. शेजारची दारं उघडली. बबिता बाहेर आली, ओट्यावर बसली आणि ऐकत राहिली. इंद्रजीत बाहेर आला नाही.

आवारातल्या मातीवर उज्ज्वलाचा भरवसा उरला नव्हता. नाल्याकाठून नवी माती बादलनं वाहून आणली; दर खेपेला घमेलं हेलकावे खाई, पण तिनं ते त्याच्या हातून घेतलं नाही. गोण्या आता छपरावर आहेत, पंप पोचणार नाही तिथं. भासऱ्याशी ती बोलत नाही आणि बोलणारही नाही. बादलशी बोलते. मात्र राग गेला का, असं विचारायची हिंमत त्यानं अजून केलेली नाही.