नाकातले किडे

रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती आणि रांगेतलं प्रत्येक नाक वाहत होतं. आत नाकमहाराज एकेकाला वाफाळत्या पातेल्यावर वाकवत, डोक्यावरून चादर टाकत, पाण्यात मंतरलेली पूड सोडत. थोड्या वेळानं चादर उचलली की पाण्यात पांढरे, वळलेले किडे! लोक हात जोडत. नाक चोंदलेलंच असे. पण भक्तीला श्वासाची काय गरज?

"डॉक्टर जंतू मारतात, मी काढून हातात देतो!" महाराज गरजत. "फक्त त्यांच्या गोळ्या बंद करायच्या."

माझ्या ताईनं त्या बंद केल्याही होत्या. तिची बेकरी. जुनाट सायनसनं वास असा गेला होता की पाव करपले तरी तिला पत्ता नसे. त्या दिवशी तर एक डोळाही सुजला होता.

"ताई, आधी डॉक्टरकडे चल."

"अक्कल पाजळू नकोस. एवढे लोक काय मूर्ख आहेत?"

मी एवढ्या लोकांकडे पाहिलं आणि थोरल्या बहिणीचा मान राखून तिच्या शेजारी रांगेत उभा राहिलो.

तिचा नंबर लागला. पूड पडली, ताई वाकली, आणि शिंकांचा असा सपाटा सुरू झाला की ती चादर पातेल्यावरच टाकून मोरीकडे धावली. महाराज डोळे मिटून मंत्रात दंग. ताई नाक पुसत परतते तोच त्यांनी चादर उचलली. "बघा, पोरीच्या नाकात केवढं वारूळ होतं!"

"माझ्या? माझं नाक तर मोरीवर होतं!"

महाराजांनी चादर झटकली. "ते... दुरून ओढले."

"मग लोकांना रांगेत कशाला ताटकळवता? घरबसल्या ओढा की!"

ताईनं चिमूटभर पूड उचलून शेजारच्या गरम पाण्यात टाकली. कुणीही वाकलं नाही. पुडीतल्या बारीक बिया फुगून फुटल्या आणि एकेकीतून आत आधीच दडलेला पांढरा, वळलेला कोंब बाहेर आला. रांगेत कुणीतरी हसलं. कुणीतरी हळूच सटकलं.

मी ताईला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिला लगेच दाखल करून घेतलं.

"अहो, जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "नाकातली सूक्ष्म लव त्यांना शेंबडासकट बाहेर ढकलते, उरलेल्यांना पांढऱ्या पेशी गिळतात. पण जुन्या सायनसमध्ये जंतू चिकट थर पांघरून दडतात, पेशींना दाद देत नाहीत. अशा वेळी गोळ्या बंद करून तुम्ही आपल्याच फौजेची रसद तोडलीत. आता संसर्ग डोळ्याच्या दारात आलाय."

डोळा वाचला. वास परतायला मात्र बरेच महिने लागले. नाकमहाराज सध्या दुसऱ्या गावात लोकांच्या कानांवर कृपा करतात म्हणे.

म्हणून सांगतो: कुणी तुमच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर अंग बाजूला ठेवूनही तेच निघतं का, एवढं आधी पाहा.