रिकाम्या बॅगेचं वजन

जुन्या बॅगेचा पट्टा स्टेडियमच्या जिन्यातच उसवला. कॅमेरा वाचला तो तिचा गुडघा मध्ये आला म्हणून. खेळांच्या स्पर्धांचे फोटो काढून वर्तमानपत्राला द्यायचे हे तिचं काम, आणि परवापासून धावण्याच्या शर्यती होत्या. बॅग आजच घ्यायला हवी होती.

दुकानात सोबत मोठी नणंद आली होती, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्स. भावजयीच्या उजव्या हाताला मुंग्या येतात, हे घरात नणंदेला एकटीलाच ठाऊक होतं.

दुकानदारानं सगळ्यात दणकट बॅग काउंटरवर ठेवली. "मॅडम, हिच्यावर उभ्या राहा. काही होणार नाही."

"उभी कशाला राहील? पाठीवर घ्यायचीय ना?" नणंद म्हणाली. तिनं बॅग उचलून पाहिली. "अगं बाई! आत काय आहे हिच्यात?"

"काही नाही. रिकामी आहे."

"रिकामी? नाकापेक्षा मोती जड!"

दुकानदार पुठ्ठे, पत्रे, दुहेरी शिलाई समजावत राहिला. ती ऐकत होती आणि थकत होती. मजबुतीलाही वजन असतंच, यात नवल काही नव्हतं. घरून आणलेलं सामान तिनं एकेक करून बॅगेत भरलं: दोन कॅमेरे, फ्लॅश, बॅटऱ्या आणि सगळ्यांत जड ती लांबचं टिपणारी लेन्स. मग बॅग पाठीवर घेऊन ती दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसली. मैदानाच्या कडेला अशीच तर बसायची ती.

उठताना बॅगेनं तिला मागे ओढलं. दुकानदार हात द्यायला धावला.

"नको. तिथे कोण हात देणार आहे?"

पुन्हा प्रयत्न केला. बोटांत झिणझिण्या आल्या. मग हलकी, मध्यम बॅग मागवली. तीही दणकट होती, पण लेन्स आत गेली की भार तोच. दुसरा कॅमेरा काढला, फ्लॅश काढला, तरी उठवेना. शेवटी तिनं लेन्स काढून काउंटरवर ठेवली, आणि झटक्यात उठली.

दोघी त्या लेन्सकडे बघत राहिल्या.

"हिच्याशिवाय चालेल तुझं?"

"माझं नाही, पेपरचं चालायला हवं. नाहीतर ते दुसरा माणूस बघतील."

तिनं तिथूनच खेळांच्या पानाच्या संपादकाला फोन लावला. "यापुढे लांबचे फोटो माझ्याकडून मिळणार नाहीत. शेवटच्या रेषेजवळचे देईन. चेहऱ्यांचे." पलीकडचं बोलणं ऐकून तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला. लांबचे एजन्सीकडून येतातच, म्हणे. दोन वर्षं तेच छापतायत."

"आणि तू दोन वर्षं हा धोंडा वाहतेयस? कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"विचारायचं तरी एकदा!"

"विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

दुकानदारानं मध्यम बॅगेवरचा किमतीचा कागद काढला. पट्टे तिच्या खांद्याच्या मापाचे करून द्यायला हवे होते. तिनं शर्टाची कॉलर बाजूला सारली आणि त्याच्यापुढे पाठ करून उभी राहिली.

"घट्ट नका करू," ती म्हणाली.