तीस वर्षांचं विरजण

कमलिनीबाईंना आपल्या नाकाचा भारी अभिमान. नाशिकहून कतारमधल्या दुखानला लेकाकडे आल्या, त्या तीस वर्षं जपलेलं विरजण रुमालात सुकवून घेऊन. आणि आठवडा व्हायच्या आत सुनेच्या अंगाला वास येतो हेही शोधून काढलं.

मालविकाला त्रास होता, खोटं कशाला? अंगावरून पांढरं पाणी जायचं, त्याला वास यायचा. सासूबाईंनी जंतुनाशकाची मोठी बाटली आणवली. "दोन बुचं, सकाळ-संध्याकाळ. आतून धू." तिनं मुकाट्यानं धुतलं. जितकं धुतलं तितका वास वाढला. नवरा शशिकांत उशी उचलून हॉलमध्ये झोपायला गेला. वर चार शेजारणींदेखत सासूबाई म्हणाल्या, "आधी धुऊन ये, मग माझ्या दह्याला हात लाव." बायका हसल्या. ते हसणं मालविका विसरली नाही.

शेवटी ती दोह्याला डॉक्टर उजमांकडे गेली. त्यांनी कपाळाला हात लावला. "अंदर अच्छे बॅक्टेरिया होते हैं, दही जमानेवालों के रिश्तेदार समझो. वही खटास बनाकर इन्फेक्शन रोकते हैं. तुमने धो-धोकर उन्हीं को मार डाला!"

त्यांनी औषध दिलं, बाटली बंद केली. परतीचा रस्ता तासाभराचा होता. घरी पोचेपर्यंत संतापानं मालविकाचे कान तापले होते.

शुक्रवारी त्याच शेजारणी सासूबाईंचं दही खायला यायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी कमलिनीबाईंनी होतं नव्हतं ते सगळं विरजण मोठ्या पातेल्यात घातलं. त्यांची पाठ वळताच मालविकानं दोन बुचं मोजली.

सकाळी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. आत दूधच. कमलिनीबाईंचं नाक आक्रसलं. वास ओळखीचा होता.

"दोनच बुचं घातली, आई," मालविकानं बाटली टेबलावर ठेवली. "तुम्ही मला सांगितलीत तेवढीच."

"मेले, तीस वर्षांचं विरजण मारलंस! जिवंत होतं गं ते!"

"माझ्या आतलंही जिवंत होतं." मग डॉक्टर काय म्हणाल्या ते तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, हॉलमध्ये ऐकू जाईल असं. या खेपेला कुणी हसलं नाही. "माझं औषधानं परत येईल, आई. तुमचं तुम्ही बघा."

शशिकांतनं गुपचूप सोफ्यावरची उशी उचलली आणि बेडरूमकडे वळला.

"ती तिथेच राहू दे," मालविका म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.