विचार करून निघणारी गाडी

कमलाकांतकाकांना काहीही ठरवायला वेळ लागे. सत्तावनच्या निवडणुकीत मत संयुक्त महाराष्ट्र समितीलाच द्यायचं, हे त्यांचं ऐन मतदानाच्या सकाळी ठरलं. त्यांनी कोट चढवला आणि ते गेले. मतदानाला नव्हे.

मागे राहिली उर्मिलाकाकू आणि अमेरिकन मोटार. मोटारीला क्लच नव्हता. दांडा ओढला की गिअर आपला आपण पडे. काका गेल्यावर तो थांबून पडू लागला. इंजिन घुमतंय, गाडी ढिम्म. मग मागून कुणी ढकलावं तसा हिसका, आणि निघाली. आधी पाच मोजेपर्यंत, पुढे पंधरा.

"तेच आहेत," काकू म्हणाली. रोज संध्याकाळी ती मागच्या सीटवर डावीकडे बसे. उजवी बाजू काकांची. पुतण्या म्हणून मी ड्रायव्हर.

एकदा लालबागला मोर्चापुढे तीस मोजले तरी गाडी हलेना. मोर्चेकऱ्यांनी घोषणा देत आम्हाला थेट गुणाजी मेकॅनिकच्या गॅरेजात ढकललं.

"तेल बघतंस?" गुणाजीने विचारलं.

"रोज सकाळी, इंजिन बंद असताना. काठोकाठ असतं."

"थंयच चुकलंस. ह्या गिअरचा तेल इंजिन चालू ठेवन बघूचा लागता."

चालू इंजिनावर तेल मोजायची सळई कोरडी निघाली. वर करपल्याचा वास.

"काकी, आज तेल भरूक नाय तर गिअरबॉक्स जळतलो. भरला तर हिसको जातलो."

म्हणजे गाडी गेली तर काका गेले, आणि हिसका गेला तरी काका गेले. काकू उजवीकडच्या जागेकडे वळली.

"त्यांनाच विचारू," ती म्हणाली. मी ब्रेकवर पाय ठेवून दांडा ओढला. "अहो, भरायचं का तेल?"

आम्ही थांबलो. गुणाजीसुद्धा बोटांवर मोजत होता. एकेचाळिसाला हिसका बसला.

"हो म्हणाले."

तेल भरलं. मी दांडा ओढला, ब्रेक सोडला, आणि गाडी त्याच क्षणी निघाली. आवाजसुद्धा नाही. काकू दाराला चिकटली, पदर डोक्यावर घेतला आणि उजवीकडच्या रिकाम्या जागेला म्हणाली, "आपण कोण?"

मग तिने माझा खांदा हलवला.

"शरद, थांबव. मी परक्या माणसाशेजारी बसत नाही."

ती उतरून गिरगावच्या दिशेने चालू लागली. मी ब्रेक सोडला. ॲक्सिलरेटरला पाय लावला नव्हता, तरी गाडी तिच्यामागून निघाली, तिच्याच चालीने.

"भियाव नको रे," गुणाजी मागून ओरडला, "बरी झाली की अशीच चलता!"

भायखळ्याच्या अलीकडे काकू थबकली. वळून न बघता हळूच म्हणाली, "अहो, अशी घाई नका करू. मला तिकडे यायला अजून वेळ आहे."

मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.