महांतेशच्या पोटातला खडा

मी महांतेशच्या पोटातला खडा बोलतोय. मूतखडा नव्हे हं, त्याचं नाव फार झालंय. मी स्वादुपिंडाच्या नळीत राहतो. जठराच्या मागे दडलेली ही ग्रंथी अन्न पचवणारा रस तयार करते. तो रस कधीतरी घट्ट झाला, त्यावर चुन्याचे थर चढले आणि मी जन्मलो. वाढत वाढत हरभऱ्याएवढा झालो आणि रसाची वाटच अडवून बसलो.

महांतेश मूळचा निपाणीचा. बेंगळुरूत चामराजपेटेतल्या एका छापखान्यात काम करतो. चार घास पोटात गेले की रस यायचा, माझ्यापाशी तुंबायचा आणि पार पाठीपर्यंत कळ जायची. गडी पोट दाबून उकिडवा बसायचा. सगळे म्हणाले, पित्त आहे. दोन वर्षं त्याने ओवा, सोडा, थंड दूध असं सगळं करून पाहिलं. मला काय त्याचं? मी मजेत वाढत होतो.

मग कुणीतरी सांगितलं की अशी कळ दारुड्यांना येते. झालं. महांतेशने जन्मात दारूला हात लावला नव्हता. तरी त्याची थोरली बहीण कावेरीअक्का येलहंक्याहून तडक आली आणि त्याच्या बायकोला, शिवलीलाला, बाजूला घेऊन म्हणाली, "खरं सांग गं, चोरून पितोय काय ह्यो?" महांतेशने ते दाराआडून ऐकलं. त्या दिवशी माझी कळ बारीक होती, तरी तो रडला. मला पहिल्यांदा माझीच लाज वाटली.

त्यानंतर चारचौघांत कळ यायला नको म्हणून त्याने युक्ती काढली. लग्न असो नाहीतर मुंज, हा कमरेला पंचा गुंडाळून सांबाराची बादली उचलायचा. वाढणाऱ्याला कोण विचारतं, तू जेवलास का म्हणून? लोक कौतुक करायचे, माणूस किती कामसू. घरीही तेच. लेकीला, अक्षराला, गरम चपात्या वाढत उभा राहायचा. अंगावरचे शर्ट मात्र सैल होत चालले होते.

शेवटी शिवलीला त्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत मी सापडलो.

"दारू न पिणाऱ्यांनाही होतो हा आजार," डॉक्टर रघुपती म्हणाले. "पुष्कळांत कारण सापडतच नाही." मग त्यांनी एक फॉर्म पुढे ओढला. झोप लागते का, कामाचे किती दिवस बुडतात, घरच्यांबरोबर जेवता का.

"जेवतो की," महांतेश म्हणाला.

"खोटं कशाला सांगताय?" शिवलीला हळूच म्हणाली. "जेवत नाहीत, डॉक्टर. हे नुसतं वाढतात. लेक विचारते, अप्पा माझ्याजवळ कधी बसणार."

डॉक्टरांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढचे तीन दिवस बाहेरून लहरींचे धक्के देऊन त्यांनी माझा चुरा केला. मग तोंडावाटे दुर्बीण घालून वाट झाडली आणि ती मोकळी राहावी म्हणून बारीक नळी बसवली. मी आता एक कण उरलोय, एका आडवाटेला चिकटून. सगळंच बरं झालं नाही. साखर वाढलीय, जेवताना पाचक रसाची कॅप्सूल घ्यावी लागते, अधूनमधून दुखतंही. पण त्याला झोप लागते.

गेल्या रविवारी अक्काच्या नातवाचं बारसं होतं. महांतेश सवयीने बादलीकडे वळला, तर अक्षराने हात धरून त्याला आपल्या शेजारच्या पानावर बसवलं. तो घाबरलाय, हे मला आतून कळत होतं. त्याने कॅप्सूल घेतली, पहिला घास बराच वेळ चावला. मग दुसरा घेतला. रस आला आणि पुढे वाहून गेला.

अक्का भात घेऊन समोर आली. दवाखान्यातलं सगळं तिला कळलं होतं. ती त्याच्या पानावर वाकली.

"घालू काय अजून?"

"स्वल्प," थोडासाच, महांतेश कानडीत म्हणाला.

तिने भरपूर वाढला. तो हसला.

माणसांनो, पोट धरून बसलेल्याला आधी विचारा, कुठे दुखतंय. बाकीचे प्रश्न नंतर. आणि महांतेश, इतकी वर्षं मी तुझ्यात राहिलो, पण पोटात अन्न असताना तुला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आता मला विसरलास तरी चालेल, बाबा.